दोषांची फ्रेम

३ मार्च, सकाळी ७
आजपासून धंदा तत्त्वावर. जुनी घरं घ्यायची, नीट करायची, विकायची. पण दोष आपण होऊन सांगायचे. समोरचा दलाल, गोडजिभ्या, रंगावर घरं खपवतो. आपण सत्यावर खपवणार. दोषांची यादी फ्रेम करून घरातच टांगायची. बायको म्हणाली, छान, फक्त यादी लहान ठेवा. तिला बिझनेस कळत नाही.

११ मार्च
यादी तयार. नळ टपकतो. मागचं दार पावसाळ्यात फुगतं. शेजारचा कुत्रा. मिस्त्री म्हणाला, चौथा राहिला: मागच्या खोलीच्या भिंतीत पाइप गळतोय, ओल आहे, फोडावी लागेल. म्हणजे महिना गेला. तोवर गोडजिभ्या दोन घरं विकेल. म्हटलं, रंग मार. "ओल रंगाला भीत नाही, साहेब." याला नको तेव्हा सुविचार सुचतात.

१९ मार्च
रंग झाला. डाग परत आला. फ्रेम कुठेतरी लावायचीच होती. तिथे लावली. योगायोग.

२६ मार्च
गिऱ्हाईक आलं. शाळेतल्या बाई, सोबत दमा असलेले वडील. बाईंनी यादी मोठ्याने वाचली. डोळे पाणावले. इंजिनिअरला दाखवणार होते, म्हणाल्या, आता गरज नाही. बाबांची कॉट याच भिंतीला लावू. म्हाताऱ्याने भिंतीवर हात ठेवला. गार लागते, म्हणाला. मी म्हटलं, उत्तरेची आहे. उत्तरेची आहेच.
सांगणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हातारा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. अशात माणूस बोलणार कसा?

२७ मार्च
उद्या नक्की.

२८ मार्च
रविवार. सुट्टीच्या दिवशी कुणाला त्रास नको.

९ एप्रिल
कागदपत्रं झाली. धीर करून म्हटलं, फ्रेम काढून नेतो. काढली की दिसेलच. आपल्याला बोलावं लागणार नाही. बाईंनी हात धरला. "राहू द्या. असा माणूस भेटला होता, हे बाबांना रोज आठवेल."
जेवण गेलं नाही. हवा बदलली आहे.

६ जून
बाईंचा फोन. म्हटलं, आता आपला उद्धार. ऐकून घ्यायचं ठरवून खुर्चीत ताठ बसलो. तर त्याच माफी मागू लागल्या. फ्रेममधला कागद बुरसला, अक्षरं गेली. बाबा फ्रेम ओल्या फडक्याने पुसतात, त्यानेच झालं असणार, रागावू नका. हल्ली खोकल्याने ते झोपतच नाहीत, पुसत बसतात. दुसरी करून द्याल?
देतो, म्हणालो.
बायकोने विचारलं, तेवढ्याच मापाची?
जरा मोठी, म्हणालो.