चालू स्थितीतला ॲम्प्लिफायर, डावी बाजू सोडून

मी, खाली सही करणार, वय वर्षे बाहत्तर, धंदा रेडिओ, टेप व ॲम्प्लिफायरची दुरुस्ती (आता बंद), राहणार तिसरा मजला, जिन्यालगतच्या दोन खोल्या, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. दडपण आणायला घरात कोणी असावे लागते, ते नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी असती तर तो दाखला तिने दोनदा वाचून घेतला असता. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहत्या दोन्ही खोल्या आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीला. ती परदेशी असते आणि दर बुधवारी न चुकता फोन करते. खोल्या तिने खुशाल विकाव्यात. विकण्याआधी आठवडाभर येऊन राहावे अशी अट घालायची होती, पण वकीलबाई म्हणाल्या की अशी अट टिकत नाही. म्हणून ती विनंती समजावी. किल्ली कुलपात अर्धी फिरवून जरा मागे घ्यावी लागते.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे मीटर, दोन सोल्डरिंग आयर्न, भिंग आणि स्क्रूड्रायव्हरची पेटी, चौकात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईंना द्यावीत. त्यांचा हात हलका आहे आणि त्या गिऱ्हाइकाला खोटे सांगत नाहीत. पेटीत मोठी पक्कड सापडणार नाही. ती माझ्या धाकट्या भावाने एकोणीस वर्षांपूर्वी ‘उद्या आणून देतो’ म्हणून नेली. ती पक्कड मी या कलमाने त्यालाच देऊन टाकतो, म्हणजे त्याच्या जिवाला घोर नको. याखेरीज त्याला काही नाही.

कलम ३. खोलीतला ॲम्प्लिफायर. रुपेरी दर्शनी भाग, दोन्ही अंगांना लाकूड, वजन अठरा किलो. हा सेकंडहँड आहे. एक नृत्यशाळा बंद पडत होती, तिथल्या सामानातून माझ्या पत्नीने तो मला न सांगता विकत घेतला आणि रिक्षात मांडीवर ठेवून आणला. ‘दिवसभर दुसऱ्यांचे दुरुस्त करता, एक तरी आपला असू द्या,’ असे तिचे म्हणणे पडले. तो लावला की ती पाचव्या मिनिटाला आवाज कमी करायला सांगायची. मी कमी करायचो आणि ती स्वयंपाकघरात गेली की पुन्हा वाढवायचो. तिला ते ठाऊक होते.

ती गेल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, ते धूड विकून टाका, जागा मोकळी होईल. मी पेपरात जाहिरात दिली. पहिल्या रविवारी एक गृहस्थ आले. दोन तास बसले, अर्धा तास तबकड्या ऐकल्या, चहा घेतला, स्वतःच्या वडिलांबद्दल बोलले. कितीतरी महिन्यांनी घरात दोन कप विसळायला पडले. त्यांनी खिशात हात घातला, आणि मी बोलून गेलो की डावी बाजू चाळीस मिनिटांनी बंद पडते, बिघडलेला माल मी विकत नाही, दुरुस्त करून ठेवतो, पुढच्या रविवारी या.

बिघाड खरा होता. आतल्या एका तारेचा डाख, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटत आला होता. यंत्र तापले की तार डाख सोडायची आणि डावा स्पीकर गप्प व्हायचा. तो डाख पुन्हा लावायला मला डोळे मिटूनसुद्धा पाच मिनिटे पुरली असती. मी तो लावला नाही. आठ वर्षे लावला नाही. दर महिन्याला जाहिरात द्यायची, रविवारी कोणी ना कोणी यायचे, चाळीस मिनिटे ऐकायचे, मग डावी बाजू जायची आणि मी तोंड पाडून सांगायचो की पार्ट मिळाला नाही. चाळीस वर्षे ज्याने दुकानात खोटे बोलून एक पैसा घेतला नाही, त्याने हे केले. मला रविवारी एकटे बसवत नव्हते, एवढेच त्याचे कारण आहे.

बहुतेक जण दुसऱ्यांदा आले नाहीत. एक दातांचे डॉक्टर तर चाळीस मिनिटे फोनवरच बोलत होते. माझ्या घरातला साधा खिळाही त्यांना मिळू नये.

एकच माणूस येत राहिला. ते लिफ्टचे मेकॅनिक आहेत, वय पंचेचाळीसच्या आतबाहेर, एकटे राहतात. चार वर्षे ते दर रविवारी आले. आम्ही दर वेळी घासाघीस करायचो आणि दर वेळी सौदा फिसकटायचा. मी त्यांना लिफ्टवाले म्हणतो, ते मला काका. त्यांचा फोन नंबर मी कधी घेतला नाही. रविवारी येणारच, मग नंबर कशाला?

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी मी चहा टाकून बाहेर आलो तर ॲम्प्लिफायर उघडा. लिफ्टवाल्यांनी स्वतःचे सोल्डरिंग आयर्न आणले होते आणि डाख लावून झाला होता. सुंदर लावला होता, हे कबूल करतो. ज्याचा दिवस मोठमोठ्या मशिनींच्या तारा तपासण्यात जातो, त्याला ती एक सुटी तार पहिल्याच महिन्यात कळली असणार. चार वर्षे त्यांनी झाकली मूठ झाकलेलीच ठेवली होती. ते हात पुसत म्हणाले, “काका, आता काही बिघाड नाही. तरी पुढच्या रविवारी येऊ ना?”

त्यांना काय म्हणायचे होते, ते मला आज अक्षरन् अक्षर कळते. त्या क्षणी मला फक्त माझी चोरी पकडली गेलेली दिसली. मी म्हणालो, “आता कशाला येता?”

त्यांनी कप ठेवला, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर सात महिने कोणी आले नाही. जाहिरातही मी दिली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली माझी गत. ॲम्प्लिफायरच्या दोन्ही बाजू आता दिवसभर वाजतात आणि मला ते ऐकवत नाही.

म्हणून हा ॲम्प्लिफायर, दोन्ही स्पीकर व सर्व तबकड्या माझ्यामागे लिफ्टवाल्यांना द्याव्यात आणि माझ्याकडून माफी मागावी.

(वरील कलमाचा हा शेवटचा परिच्छेद रद्द. तो खोडावा, पण वाचता येईल असा. कारण खाली.)

कलम ४. वकीलबाईंनी दोन साक्षीदार मागितले, माझी सही ओळखणारे. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन लगेच तयार झाले. दुसरे नाव मला सुचेना. बाहत्तर वर्षांच्या आयुष्यात दुसरे नाव सुचत नाही, ही गोष्ट वकिलाच्या समोर बसून कळावी यासारखी लाज नाही. शेवटी लिफ्टवाल्यांचे सुचवले. बाई म्हणाल्या, ज्याला वस्तू द्यायची त्याला साक्षीला घेऊ नये. एक काय ते ठरवा, माझ्यामागे वस्तू द्यायची की आत्ता सहीला बोलवायचे.

वकीलबाईंच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तक्रारीचा नंबर चिकटवलेला होता, लिफ्टवाल्यांच्याच कंपनीचा. खाली येऊन मी तो लावला. पलीकडच्या मुलीने विचारले, तक्रार काय आहे? मी म्हणालो, लिफ्ट चांगली आहे, तक्रार माझ्याबद्दल आहे, आणि कोणाला निरोप द्यायचा ते सांगितले.

लिफ्टवाले आज आले. मी माफी तोंडाने मागितली, ती नीट जमली नाही. मग बाईंचा नियम सांगितला. ते ॲम्प्लिफायरकडे बघून म्हणाले, “मग देऊ नका. विका.”

घासाघीस झाली. सौदा आठ वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतल्या किमतीला ठरला. त्यांनी पैसे मोजून दिले, मी पावती दिली. सबब ॲम्प्लिफायर आता माझा नाही आणि तो माझ्या मालमत्तेत धरू नये.

तो माझ्याच खोलीत दिसेल, त्याचा खुलासा असा. मी दोर काढून माल बांधायला घेतला, तर लिफ्टवाल्यांनी मला थांबवले. सेकंडहँड माल तपासल्याशिवाय ते उचलत नाहीत, असे म्हणाले. चाळीस मिनिटे ऐकावे लागेल, आज कामावर जायचे आहे, पुढच्या रविवारी येतात. तपासणीला किती रविवार लागतील, ते आत्ता सांगता येत नाही, असेही म्हणाले. तपासणी पुरी होण्याआधी माझे काही झाले, तर माल पावती बघून त्यांच्या हवाली करावा. मुलीने त्यांना चहा विचारावा.

हे सर्व मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

ठिकाण: माझी बाहेरची खोली
तारीख: आजची, रविवार, सकाळी

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: निवृत्त पोस्टमन, तळमजला. (सही)

साक्षीदार दुसरे: लिफ्टचे मेकॅनिक. (सही)
या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही.