बायनाबाईच्या गाईनं खाल्लेली चिठ्ठी

२ फेब्रुवारी

आज पुन्हा सगळे गंगासागरभोवती! मी आमच्या ढवळ्याच्या खुंट्याशी पुस्तक उघडून बसले होते. मुद्दाम मोठ्यानं वाचलं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

दिवाळीपासून आमची जनावरं या छावणीत आहेत. दूध संघाची छावणी — वडवणीच्या रस्त्याला, पाच रांगा, चारा पावतीवर मिळतो. घरटी एक माणूस इथं लागतंच. आई-दादा ऊसतोडीला गेलेत, म्हणून इथं मी आणि छबूआत्या. बारावी सायन्सचे आम्ही सहाजण असेच जनावरांमागं आलोय. सरांनी ऑर्गॅनिकचे शेवटचे धडे पळवत नेले आणि ‘बाकीचं घरी बघा’ म्हणाले. मग इथंच एकमेकांना शिकवायचं ठरलं. आणि शिकवत कोण होतं? मी! अख्खा जानेवारी मी. मुंजाजीला अल्कोहोल आणि अल्डिहाइड चार वेळा समजावलं, ते मी.

आता गंगासागरनं नवं खूळ काढलंय. चौथ्या रांगेतल्या प्रत्येक जनावराला एकेक नाव वाटून दिलं. तिची स्वतःची म्हैस इथीन. शेजारची तांबडी गाय अल्कोहोल. पुढचं वासरू अल्डिहाइड. बायनाबाईची लाथाडी गाय अ‍ॅसिड. एकापासून दुसरं करायला काय घालावं लागतं ते चाऱ्याच्या जुन्या पावतीमागं लिहायचं आणि ती चिठ्ठी खुंट्याजवळ दगडाखाली ठेवायची. मग रांगेनं चालत जायचं, म्हणत जायचं. पुढं जायचं, उलटंही यायचं. मुंजाजीनं आज सहा रिअ‍ॅक्शन न अडखळता म्हटल्या! त्या मुंजाजीनं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, दोनदा.

३ फेब्रुवारी

आमचा ढवळ्या त्यांच्या खेळात नाही. मी विचारलं नव्हतं, तिनंच येऊन सांगितलं — “तुझा बैल कशाला घ्यायचा शिवकन्या, तुला येतंच की सगळं.”

टोमणाच होता. कळतं मला.

५ फेब्रुवारी

दूध संघाचे सेक्रेटरी उत्तरेश्वरकाका छावणीत आले होते. टँकरच्या पायरीवर उभं राहून सांगितलं — छावणीतल्या पोरांत केमिस्ट्रीत जो पहिला येईल त्याला संघ उदगीरला डेअरीचं शिकायला पाठवणार. राहणं-खाणं सगळं संघाकडं. जागा एकच.

एकच! दुपारी दादांचा फोन आला तेव्हा सांगितलं. ते म्हणाले, “झालं तर लई चांगलं. न्हाई झालं तर म्होरल्या साली तूबी चल कोयत्यावर.” रागानं नाही म्हणाले. येताना मीठ आण म्हणावं तसं म्हणाले. मागच्या वर्षी तोडीवरून आल्यावर आईच्या हाताची सालटं मीच काढली होती. मला नाही जायचं फडात. नाही म्हणजे नाही.

आणि गंगासागरला कशाला हवी ही जागा? तिच्या वडलांचं, मन्मथप्पांचं, चांगलं किराणा दुकान आहे गावात. तिचं काय अडलंय?

६ फेब्रुवारी

तिचं अक्षरसुद्धा चांगलं आहे.

९ फेब्रुवारी

हात धुतले तरी शेणाचा वास जात नाही आज. लिहायचं टाळत होते, पण लिहिते.

बायनाबाईच्या गाईनं सकाळी चिठ्ठी खाल्ली. दगड सरकला होता, तिनं पावती चघळून गिळली. सगळे पोट धरून हसले. ‘अ‍ॅसिडनं उत्तरच पचवलं’ असं मुंजाजी तीनतीनदा म्हणत होता. बायनाबाई उलट आमच्यावरच चिडल्या, गाईच्या पोटात कागद घालता म्हणून.

चिठ्ठी होती अ‍ॅसिडपासून परत अल्कोहोलला येण्याची. गंगासागरनं तिथंच बसून नवी लिहिली, आठवून. सोडियम बोरोहायड्राइड. चूक! ते अल्डिहाइडला चालतं. अ‍ॅसिडला त्यानं काहीच होत नाही, तिथं लिथियमवालंच लागतं. दिवाळीच्या सुट्टीत मी ते लाल पेनानं चौकटीत लिहिलंय.

ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडं आली. दुसऱ्या कुणाकडं नाही, माझ्याकडंच. म्हणाली, “बघ गं, बरोबर हाय का?”

मी बघितलं. “बरोबर,” म्हटलं.

तिनं चिठ्ठी दगडाखाली ठेवली. या वेळी मोठा दगड बघून.

१० फेब्रुवारी

सहातल्या पाचांना तेच पाठ झालं. मला कावून बोलता येत नाही?

आज ‘का’ऐवजी ‘कावून’च लिहिलं गेलं. असू दे.

१३ फेब्रुवारी

छबूआत्या म्हणाली, तोंड का उतरलंय, जेवण जात नाही का. डोकं दुखतंय म्हटलं. तिनं कपाळाला ओवा चोळला. त्या मायेनं मला जास्तच वाईट वाटलं आणि मी उगीच तिच्यावरच खेकसले.

१७ फेब्रुवारी

आज चूक सुधारणारच होते. बरोबर चिठ्ठी लिहून ओढणीच्या टोकाला बांधली होती. कुणाला काही न बोलता जुनी काढायची, ही ठेवायची — एवढंच तर काम!

चौथ्या रांगेपाशी पोचले तर मुंजाजी दोघांना सांगत होता, “उदगीरला गंगासागरच जातीय बगा. तिच्यावानी कुणालाच येत न्हाई.” कुणालाच! चार वेळा समजावलं होतं त्याला मी. चार वेळा!

तशीच माघारी आले. चिठ्ठी ढवळ्याला चारली. त्यानं आनंदानं खाल्ली.

२६ फेब्रुवारी

उद्या पेपर. दुपारी गंगासागर मुंजाजीचं पुस्तक घेऊन लिंबाखाली बसली होती. एका पानावर थांबली. बोट ठेवलं. मान वर करून थेट माझ्याकडं बघितलं.

आता उठेल, सगळ्यांसमोर विचारेल.

ती हसली आणि पुस्तक मिटलं. म्हणजे दुसरंच काही वाचत असणार.

२७ फेब्रुवारी

आला! तोच प्रश्न आला. दोन मार्कांना. मी लिथियमवालं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

बाहेर आल्यावर मुंजाजी उड्या मारत होता, बायनाबाईच्या गाईनं वाचवलं म्हणत. तो गाईला गुळाचा खडा देणार आहे. गंगासागर मला गर्दीत शोधत होती, हात पण केला. मी सरळ रिक्षात जाऊन बसले.

एवढं झालं, तरी तिच्याच पेपरचं अक्षर डोळ्यांपुढं येतंय. सुटसुटीत, एकही खाडाखोड नाही. अजून जळतेय मी! जिंकले असेन तरी जळतेय.

१९ मार्च

ऊसतोड संपली. आई-दादा आले. आई काळी पडलीय. मी जवळ गेले तर तिनं हात पदराखाली घेतले.

२५ मे

निकाल. केमिस्ट्रीत मला एक्याऐंशी. गंगासागरला ऐंशी.

एका मार्कानं. त्या प्रश्नाचे दोन होते. हा हिशोब मला कुणी करायला सांगितला नाही, आपोआपच झाला.

मुंजाजी पास आहे, बावन्न. उत्तरेश्वरकाकांनी छावणीत येऊन माझं नाव पुकारलं. दादांनी टोपी काढून हातात धरली. आई रडली. मी पण रडले, आणि सगळ्यांना ते आनंदाचंच वाटलं.

२६ मे

गंगासागर पेढे घेऊन आली. माझ्या निकालाचे! गावातलं दुकान मन्मथप्पांनी पाडव्यालाच बंद केलं म्हणे — मला ठाऊकच नव्हतं. आता ती सिरसाळ्याला मामाच्या दुकानावर बसणार. मग हसत हसत जे म्हणाली ते तसंच लिहून ठेवते —

“पेपरच्या आदल्या दिशी पुस्तकात येगळंच दिसलं गं, लिथियमवालं. म्या म्हणलं, छापणाऱ्याचं चुकलं असंल. शिवकन्यानं सोता बघून बरोबर म्हणलंय.”

ती उद्या सकाळी आठच्या एस.टी.नं जाणार आहे. त्या चिठ्ठीचं खरं मी तिला अजून सांगितलेलं नाही.