हवामानवाल्याच्या कोपराखाली

उंद्री, सोमवार, शिवरात्र झाल्यावर

टीव्हीवरचा हवामानवाला आजही असा उभा राहिला, की नकाशातला आपला बुलढाणा त्याच्या कोपराखाली! म्हणे, विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस. तुरळक म्हणजे कुठं, बाप्पा? परवा यानंच कडक ऊन सांगितलं, म्हणून तर मी लेकीच्या रुखवतातल्या कुरडयांसाठी गहू भिजत घातले. आता ते आंबले. उद्या चीक शिजवावाच लागते, अन् ऊन नसलं तर कुरडया काळ्या पडतात. शेजारच्या बायांनाही सांगून बसली.

लेकीचे बाबा म्हणतात, "थांब न एक दिवस."

आंबलेले गहू थांबतात काय?

रात्रीच्या बातम्यांत पुन्हा तोच, पुन्हा तेच कोपर. जोरात ओरडली मी त्याच्यावर, "हात काढ न बे, माझ्या पोरीचं रुखवत आहे त्याच्याखाली!"