रणगाडे विणलेला गालिचा

मी, सुप्रभा पद्माकर टिपणीस, वय ७१, निवृत्त परिचारिका, राहणार पिनर, लंडन, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझा एकुलता मुलगा डॉ. अनुप यास मिळावे.

२. नणंद अलकाताईंना माझी जांभळी पैठणी द्यावी. गालिच्यावरून "घरात अपशकुन आणलास" असे त्या मला चारचौघांत म्हणाल्या, ते मी विसरलेले नाही. पैठणी तरीही द्यावी.

३. हा गालिचा माझे यजमान कै. पद्माकर यांनी २००२ साली हाउन्सलोच्या एका अफगाण बाईंकडून आणला. लांबून लाल फुलांचा मळा. जवळ गेले की फुलांचे रणगाडे होतात, पानांची हेलिकॉप्टरे. मी म्हटले, "अहो, बैठकीच्या खोलीत हे?" ते म्हणाले, "त्या बाईंच्या बहिणीनं विणलाय. दारातून जे दिसलं, ते."

दुपारी मी त्यावर आडवी होत असे. डोळे मिटले की ती हेलिकॉप्टरे चतुर किड्यांसारखी पिनरच्या छपरांवरून आवाज न करता जात, आणि मला गाढ झोप लागे. सांगायला लाज वाटते.

४. २००७ मध्ये अनुपला ब्रिटिश लष्करातला डॉक्टर म्हणून अफगाणिस्तानात, हेलमंडला जायचे होते. आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "आई, मला नाही जायचा."

"शब्द दिलायस ना? मग?" मी म्हटले.

तो गेला. परतून माझ्याकडे राहायला आला, पण सहा महिने हो-नाहीपलीकडे बोलला नाही. गालिच्याला वळसा घालून जाई. मग एका दुपारी बूट काढून त्यावर झोपला आणि कोपऱ्यात विणलेल्या एवढ्याशा घरावर बोट ठेवले.

"आई, हा घर राहिला."

त्याचे मराठी मी जन्मभर सुधारत आले. त्या दिवशी नाही सुधारले. त्याच्याशेजारी आडवी झाले. छतावरून रणगाडे ढगांसारखे हळूहळू सरकत गेले. आम्ही दोघे बघत राहिलो.

५. गालिचा अनुपसाठी ठेवावा. पण अनुप, नको असेल तर नको म्हण. कारण देऊ नकोस. त्या दिवशी फोनवर मी तुला एवढे म्हणू द्यायला हवे होते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: सुप्रभा टिपणीस

साक्षीदार: १. सुचेता गुप्ते २. मनीषा वैशंपायन

पिनर, १४ ऑक्टोबर २००९