मित्राच्या दप्तरातली वाफ

सोमवार, ता. ४
मी सांगते, नात लिहिते. मित्रा, नववीत. खरंच लिहिते का दुसरंच काही, देव जाणे. माझा राजू अन् सून पुण्याला कामाला. शाळेपायी पोरगी इथं हट्टा गावात माझ्याजवळ. ती बसनं वसमतला गेली की घरात मी अन् कोंबडी. कोंबडी बोलत न्हाई.

बुधवार
शनिवारी शाळेत मित्राचं भाषण. पोरं आजकाल वाफेची शिगरेट ओढतात, त्यावर. माझ्यापुढं पाठ करून राहिली. निकोटीननं कोवळ्या मेंदूला सवय लागते, फुफ्फुसं खराब होतात...
मी मिशरी लावत बसलेले.
"आजी, मिशरीत पण तंबाखूच असते. तुलाबी लागू हाय हे."
"मपला मेंदू कुठं कोवळा हाय?"
हसली. लई दिसांनी.

गुरुवार
सकाळी डबा ठेवताना दप्तरात गुलाबी नळी. अत्तर वाटलं. वास आंब्याचा. नळीला ओढायचं तोंड होतं, म्हणून ओढलं. छातीत मिरची गेल्यागत. मग डोकं गरगरलं. ही गरगर वळखीची. पहिल्यांदा मिशरी लावली तवा बराबर अशीच. शाळेआधी पोरगी न्हाणीमागं काहून जाते, ते कळलं. नळी होती तिथं ठेवली.
इथं मित्राचा हात थांबला. लिही म्हणलं.

शनिवार
काल मित्रानं वही उघडली न्हाई. जेवलीबी न्हाई.
आज बोलली. मैत्रिणीनं दिली. नुसती वाफ असते म्हणली. आता दोन तास गेले की हात शिवशिवतात.
"व्हय. माझे चाळीस वर्सं शिवशिवून राहिले."
भाषणाला टाळ्या पडल्या. घरी येऊन रडली. "पप्पाला सांगू नको. मला पुण्याला नेतील."
नेईलच तो. मला तिच्या छातीचं भ्या. अन् रिकाम्या घराचंबी. कोणतं जास्त, ते लिहू नको. ...लिही, लिही.
मिशरीचा डबा दुपारपर्यंत उघडला न्हाई. मग उघडला.

रविवार
रविवारी राजूचा फोन येतो. सकाळीच म्हणलं, तू सांग, न्हाईतर मी सांगते. नंबर वाचता येत न्हाई, पण राजूच्या फोटोवर बोट ठेवता येतं मला.
फोन वाजला. तिनंच घेतला, अंगणात गेली. माझ्याकडं पाठ. लई वेळ.
आत आली. डोळे लाल. सांगितलं म्हणली. वही घेऊन बसली.
"सांग आजी, काय लिहू?"
आज तूच लिही म्हणलं. मी बसते इथंच.