गुणाचं लेकरू

११ जानेवारी, नांदेड

बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड जवळजवळ नाहीच! मेंदूला, कानाला, सगळ्यालाच ते लागतं म्हणे. कानाच्या तपासणीतही पोरगी दोन्ही बाजूंनी नापास झाली होती. तेव्हा म्हणाले, कानात पाणी असेल. आज असं कोणीच म्हणालं नाही.

डॉक्टर सालेहा मॅडमनी गोळी लिहून दिली. रोज, चुरून, चमचाभर अंगावरच्या दुधातून. "घाबरू नको, जुनी गोळी आहे. माझ्या आजोबांच्या काळापासून देतात."

१३ जानेवारी

बारसं नको म्हणून सांगितलं. आत्या कानात नाव सांगणार, बायका तिच्या पाठीत धपाटे घालणार — आणि जिचं नाव तिलाच ऐकू गेलं नाही तर? आईने तोंड पाडलं. पाडू दे.

२० जानेवारी, लातूर

सुगत आम्हा दोघींना सासरी घेऊन आला. बाळाला न्हाऊमाखू घालायला मुरुडहून सासूबाई आल्यात, सोबत मारोतीभाऊजी. सुगतचे थोरले भाऊ, चाळिशीचे — उंची शाळेतल्या पोराएवढी. बोलत नाहीत. हाक ऐकू येत नाही, खांद्याला हात लावावा लागतो. झोळी हलवत बसतात, खूश!

सासूबाई म्हणतात, "लई गुणाचं लेकरू हाय. रडतच न्हाई. आमचा मारोती बी अस्साच व्हता, निस्ता झोपायचा."

असलं कौतुक नको मला. रड गं बाई, एकदा तरी!

२३ जानेवारी

सुगतने पलंगाशी ताट वाजवलं. दचकली! पण ऐकू आलं म्हणून, की पलंग हलला म्हणून? यावरून दोघं कडाकडा भांडलो. ती झोपूनच.

४ फेब्रुवारी

रक्त पुन्हा तपासलं. जवळपास तसंच! इथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी देता कशी? मी वाटीत दूध काढून देते, पुढचं आंघोळीच्या गडबडीत सासूबाई बघतात. त्यांनी कौतुकाने सांगितलं — बाळगुटीतली मुरुडशेंग, हळकुंड, बदाम, तशीच गोळीही सहाणेवर उगाळायची. दोन वेढे. उरलेली गोळी पुसून डबीत!

"एवढुशा जिवाला आख्खी गोळी झेपंल का?"

मी भर दवाखान्यात ओरडले. म्हटलं, पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही! त्या ऑटोत भाऊजींचा हात धरून बसल्या.

५ फेब्रुवारी

आजपासून गोळी मी देते. कोणी हात लावायचा नाही.

२४ फेब्रुवारी

रक्त ठीक! आणि रडते — बापरे, काय रडते! शेजारच्या सुमय्याभाभी विचारायला आल्या, काय झालं म्हणून. काही नाही हो, रडू द्या. मी हसत होते.

कान अजून बाकी आहेत. भीती जात नाही.

६ मार्च

कानांची मोठी तपासणी, बेरा, झाली. झोपलेल्या पोरीच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, कानात आवाज सोडले.

ऐकू येतं! दोन्ही कानांनी!! सुगत तिथेच रडला. सासूबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "खरंच ना गं?" डॉक्टर म्हणाले, वेळेत गोळी सुरू झाली म्हणून. आता चुकवायची नाही.

९ मार्च

बारसं झालं. सुगतच्या बहिणीने, प्रियदर्शनीताईंनी, कानात नाव सांगितलं — सुमेधा. तिने मान वळवली, बायका ओरडल्या!

सगळे पांगल्यावर सासूबाई जवळ येऊन बसल्या. भाऊजी झोळी हलवत होते.

"मारोतीच्या टायमाला ही गोळी नव्हती ना गं?"

नव्हती, म्हटलं.

होती.