बाकाखालचा मासा

तीर्थस्वरूप मामांस भाच्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी न दिल्यामुळे मनातल्या मनात घातलेला). तुमची कंबर आता कशी आहे? माझी धाकटी बहीण कळवते की गावी तिच्याकडे तुम्ही औषध वेळेवर घेता. आईचा यावर विश्वास नाही, आणि धाकट्या भावाच्या बाबतीत आई सहसा चुकत नाही.

मी निवृत्त होऊन सात महिने झाले. जन्मभर पाण्याचे मीटर वाचल्यामुळे या शहराची दर्शनी बाजू मला फारशी ठाऊक नाही, मागची मात्र घरच्यासारखी ओळखीची आहे. घड्याळांच्या बाजारात माणसाला माणूस खेटत असतो, पण छत्रीवाल्याशेजारच्या बोळात वळलं की दहा पावलांत स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो. टोकाला एक बंद हौद आणि एक दगडी बाक आहे. त्या बाकावर कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं (मी सकाळी जायचो, हे लक्षात ठेवावं).

गेल्या महिन्यात सहज गेलो, तर बाकावर लाल फुली. स्कूटर लावायला जागा हवी म्हणून नगरपालिका ते फोडणार होती. मला फार वाईट वाटलं. सवयीने वाकून खाली पाहिलं (मीटरवाल्याला खाली पाहिल्याशिवाय चैन पडत नाही), तर दगडात कोरलेला वीतभर मासा आणि शेपटीजवळ तीन ठिपके.

मग मला दुसरं काही सुचेना. वाचनालयातली जाडजूड पुस्तकं उपसली आणि सिद्धांत मांडला, की हौदाच्या जागी पूर्वी धक्का होता आणि तीन ठिपके म्हणजे तीन गलबतं. बाक तीनशे वर्षांचं (दोनशे म्हणणार होतो, पण नगरपालिकेला अर्ज लिहिताना हात सढळ झाला). अर्ज लागू पडला. येत्या गुरुवारी अधिकारी पाहणी करून बाक ठेवायचं की फोडायचं ते ठरवणार आहेत. त्या आनंदात रविवारी दुपारी अकरा उत्साही लोकांना बोळात नेऊन व्याख्यान ठोकलं. माझं दुसरं गलबत धक्क्याला लागत होतं, इतक्यात समोरच्या दारातून पांढऱ्या केसांच्या एक बाई विणकाम घेऊन आल्या, आमच्यातून वाट काढून बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तो मासा माझ्यासमोर कोरलाय. हौदाच्या दुरुस्तीला एक पाथरवट होते. मी दारात उभ्याने विणायची, म्हणून उरलेल्या दगडांतून हे करून दिलं त्यांनी." या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली.

अकरापैकी दातांचे डॉक्टर तेवढे हसले नाहीत. तोंड पाडून घरी आलो, तर आई खलबत्ता पालथा घालून धूत होती. तुम्ही तिला घडवून दिलेला. त्याच्या बुडाशी मासा आणि तीन ठिपके. गावभर वाकून पाहणाऱ्या मी घरातला खलबत्ता कधी उलटा केला नव्हता.

कळावे. लोभ आहेच, तो औषधासारखा चुकवू नये.

ता.क. गुरुवारपर्यंत कुणी विचारलं, तर तुम्हाला मासे कोरता येत नाहीत असं सांगावं.

ता.क. २. वरचं रद्द समजावं. आईने पत्र वाचलं आणि मला बाईंकडे पिटाळलं. त्या रोज दुपारी तीनला तिथे बसतात, आणि बाक फुटलं तर कुठे बसायचं हे त्यांना ठाऊक नाही. त्यांचं म्हणणं, ज्यांनी घडवलं त्यांनीच अधिकाऱ्यांना खरं ते सांगावं. तुम्ही हयात आहात आणि अजून एकटेच आहात, हे ऐकल्यावर त्यांनी विणलेली अख्खी ओळ उसवली. त्या वर्षी तुम्ही इथून अचानक गावी का निघून गेलात, ते आईला आत्ता उमगलं (तिच्या मते तुम्हाला दगड फोडायचं धाडस होतं, विचारायचं नव्हतं).

ता.क. ३. सोबत बुधवारच्या गाडीचं तिकीट आहे. छिन्नी-हातोडा आणावा. बाईंचा निरोप आई शब्दशः लिहायला सांगते: "डावी बाजू अजून डुगडुगते. उद्या येऊन पाचर ठोकतो म्हणाले होते."